सोलजेकरीण

त्या वर्षी थंडीनं यायचं नावच घेतलं नाही. ऑक्टोबर संपत आला तरी सकाळी दरीतून धुकं वर चढायचं आणि दुपारपर्यंत छपराखाली ठाण मांडून बसायचं. पर्सिमनच्या केशरी फळाला कोरडा, बोचरा वारा लागतो. फळं सोलून दोरीला टांगायची, वाऱ्यानं ती सुकत आकसत जायची, अंगावर पांढरी साखर धरायची, तेव्हा कुठं वर्षभराच्या मेहनतीचं चीज व्हायचं. त्या साली टांगलेल्या फळांना नुसता घाम फुटला होता. रोज पाच-पन्नास फळं देठापासून सुटायची आणि माडीच्या फळ्यांवर पचकन पडायची. प्रत्येक आवाजाला घरधनी सांगदो मान वर करून बघायचा आणि परत कामाला लागायचा.

खाली शेडमध्ये त्याची आई सोलायला बसायची. वय ब्याऐंशी, पाठीची पार कमान झालेली, पण सुरी धरली की हात विशीतला. लग्न होऊन ती बामगोल गावाहून आली, म्हणून गावात तिचं नाव बामगोलकरीण. साठ वर्षांत तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. तिच्या उजव्या हाताला एक चपटी झालेली उशी पडून असायची. ती सोलजेकरणीची. शेजारच्या घरची ही म्हातारी सोलजे गावाहून आलेली. चाळीस वर्षं दर हंगामाला दोघी मांडीला मांडी लावून सोलत आणि एकमेकींच्या साली जाड निघतात म्हणून भांडत. उन्हाळ्यात सोलजेकरीण घेवड्याच्या वाफ्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तालुक्याच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात पडून होती. त्याच दवाखान्यात बामगोलकरणीची सून, सांगदोची बायको मिरान, बावीस वर्षं सिस्टर होती. शेती घर चालवायची तेव्हा चालवायची. एरवी घर चाललं ते मिरानच्या पगारावर, हे सांगदोसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाउनची आई," सासूनं हाक मारली. मिरानच्या मुलीचं नाव हाउन, म्हणून घरात ती हाउनची आई. "हे दोन ने तिला. पिकून नुसतं पाणी झालंय."

मिरान दुपारच्या पाळीला निघाली होती. "आई, बाहेरचं खाणं चालत नाही तिथं."

"बाहेरचं कसलं? तिच्याच बांधावरच्या झाडाचं हाय. तिला तिचंच घालतीये मी."

मिराननं दोन्ही फळं डब्यात घातली आणि डबा अंगरख्याखाली लपवून नेला. दवाखान्यात सोलजेकरणीनं पहिलं फळ चमच्यानं खाल्लं नाही, तोंड लावून चोखलं. हनुवटीवर रस ओघळला.

"सासूला सांग, ह्या साली फळ अगोड हाय."

"मग दुसरं परत नेते."

"ने बरं हात लावून," म्हातारी म्हणाली आणि दुसरं उचललं. खाऊन झाल्यावर मिराननं तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, बोटं पुसली, साली डब्यात भरल्या. कुणी बघितलं नव्हतं. सकाळच्या पाळीची एक पोरगी आजारी म्हणून सुट्टीवर होती, त्यामुळं दुपारची पाळी संपवून दहाला घरी पोचलेल्या मिरानला सकाळी सहाला परत हजर व्हावं लागलं.

रात्रपाळीला नारे होती. सव्वीस वर्षांची, दोनच वर्षं झालेली. गणवेशावर कोट चढवूनच ती चार्ज द्यायला उभी होती, कारण सहा दहाची बस चुकली की पुढची आठला. बोट कागदावरून सरसर खाली नेत तिनं चाळीस माणसांची रात्र सांगून टाकली. कोण झोपलं नाही, कोण पडता पडता वाचलं, कुणाला शौचाला झालं नाही.

"आणि ताई, सोलजेकरणीची साखर वाढलीये. दोनशे नव्वद. नाश्त्याआधी बारा युनिट इन्सुलिन द्यायला सांगितलंय डॉक्टरांनी."

मिराननं मनात हिशेब केला. दोन पर्सिमन. या वयात नवी साखर निघाली, आणि ती वर काढली आपल्या डब्यानं. तिनं एवढंच विचारलं, "दोनशे नव्वद?" नारे म्हणाली, "हो ना." आणखी विचारलं असतं तर फळांची गोष्ट निघाली असती, म्हणून मिराननं विचारलं नाही. नारे बससाठी पळाली.

दवाखान्याचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. नाव विचारा, जन्मतारीख विचारा, मनगटावरची पट्टी वाचा. आता या म्हाताऱ्यांना नाव विचारून काय उपयोग? आयुष्यभर त्या कुणाची तरी आई नाहीतर कुठल्या तरी गावची करीण. कागदावरच्या नावानं हाक मारली तर ओ देत नाहीत, इकडंतिकडं बघतात. जन्मतारखेचं तर विचारूच नका. जन्माची नोंद बापानं सवडीनं केलेली, कुणाची दोन वर्षांनी, कुणाची मेलेल्या थोरल्या बहिणीच्या तारखेवर. मिरान त्यांना गावाच्या नावानं हाक मारायची, आणि म्हाताऱ्या हसून हात पुढं करायच्या. नारेलाही तिनंच शिकवलं होतं. नावानं नको मारूस हाक, गावानं मार, बघ कशा बोलतात. आणि हिला तर मिरान लग्न झाल्या दिवसापासून ओळखत होती. मिरानच्या बाळंतपणात अंगाला शेक दिला तो याच बाईनं. तिची पट्टी काय वाचायची?

"सोलजेकरीण मावशी," तिनं पडदा सारला.

"हां, मीच. दुसरी कोण असणार?"

"साखर वाढलीये म्हणे तुमची. कालचा प्रताप."

"मग सासूला टोच तुझ्या. तिनंच धाडली."

मिरान हसली. दंड धरला, चिमटीत कातडी घेतली, सुई घातली. कातडी इतकी पातळ झाली होती की आत काही उरलं होतं की नाही कोण जाणे.

"झालं?"

"झालं पण."

"हात हलका हाय बाई तुझा," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटले.

त्यानंतर चाळीस जणांचा नाश्ता, कुणाची नळी निसटलेली, कुणी पेज अंगावर सांडलेली. औषधाच्या कागदावर खुणा मागाहून एकदम करायची सगळ्यांचीच सवय होती. पावणेआठला मिरान तीन नंबरच्या खोलीत आली तेव्हा सोलजेकरणीची पेज तशीच होती, वर साय धरलेली. म्हातारीचं कपाळ ओलं होतं. उशी भिजली होती. डोळे अर्धवट उघडे, पण आत बघणारं कुणी नव्हतं.

बोट टोचून साखर बघितली तर अठ्ठावीस. शिरेत ग्लुकोज ढकलता ढकलता मिराननं दुसऱ्या सिस्टरला कागद वाचायला सांगितला. तिनं वाचलं. इन्सुलिन, बारा युनिट, क्वाक ओकसिम, खोली नंबर पाच. काल रात्री अकराला भरती.

"पाच नंबरची कोण?" मिराननं विचारलं.

"नवीन आज्जी. वरच्या खोऱ्यातल्या. त्या पण सोलजेच्याच म्हणे माहेरच्या."

मोठ्या दवाखान्यात न्यायला म्हातारीला स्ट्रेचरवर घेताना हात खाली लोंबला आणि मिराननं पहिल्यांदा तिच्या मनगटावरची पट्टी वाचली. मो गाप्सुन. स्त्री. जन्मतारीख. खोली तीन. अक्षरं छान ठळक होती. चष्म्याशिवायसुद्धा वाचता आली असती.

दुपारी व्यवस्थापक यॉमनं तिला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं दार लावून घेतलं, स्वतः सातूचा चहा ओतून तिच्यापुढं ठेवला आणि मग एक कोरा कागद ठेवला.

"काय घडलं ते स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं, सिस्टर. तुम्हाला माहीतच आहे." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "काल बाहेरून फळं आली होती म्हणे. आया सांगत होत्या, कचऱ्यात बिया सापडल्या."

मिराननं चहाचा कप बाजूला सरकवला.

"म्हातारी माणसं. फळ बाधलं, ओकारी झाली, पोट रिकामं राहिलं, साखर उतरली. असं होतं. असं लिहिलंत तर ते आमच्या कपाटात राहील. तिचा मुलगाही समजून घेईल. दुसरं काही लिहिलंत तर मला ते राजधानीत परवाना मंडळाकडे पाठवावं लागेल. नोकरी तर जाईलच, परवानाही राहणार नाही. बावीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत."

"त्या शुद्धीवर आल्या का?"

"नाही अजून." त्यानं कागद थोडा पुढं सरकवला. "आज नका लिहू. घरी जा. दहा दिवस घ्या. आणि कुणाशी बोलू नका."

बसथांब्यापासून घरापर्यंतच्या चढावर आज तिला दोनदा थांबावं लागलं.

गावात बातमी तिच्याआधी पोचली होती, आणि तीही फळांचीच. सासू शेडच्या दारात उभी होती, हातात सुरी, सुरीवरून रस ठिबकत होता.

"माझ्या फळानं झालं म्हणतात."

मिरानचं तोंड उघडलं. मग ती म्हणाली, "अजून काही कळलं नाही, आई." एवढंच एक वाक्य. पण पुढं आठ-नऊ दिवस घरात तेच वाक्य नांदलं.

सांगदोला मात्र तिनं त्याच संध्याकाळी माडीवर सगळं सांगितलं. तो फळं वाळवायला लावलेल्या पंख्याच्या तारा गुंडाळत होता. गुंडाळलेली तार त्यानं परत सोडली आणि परत गुंडाळली.

"फळाचं लिही," तो शेवटी म्हणाला.

"आईला काय सांगू?"

"आईला मी समजावतो. म्हाताऱ्या माणसाचं काय, चार दिवस रडंल, विसरंल. परवाना गेला तर परत येतोय व्हय?"

त्यानं आईला काही समजावलं नाही. कसं समजावणार होता? मिरान सकाळी पाचाला उठून शेडमध्ये बसू लागली. गाड्या भरभरून फळं येत होती, थांबवता येत नव्हती. फळ डाव्या हातात फिरवायचं, साल एका रिबिनीत उतरवायची, देठाला आकडा लावायचा, दोरीला टांगायचं. दोन दिवसांत बोटं चिकानं काळी पडली, नखांच्या कडा फाटल्या. इतकी वर्षं तिचे हात साबणानं धुऊन धुऊन पांढरेफटक असायचे. मजुरीला येणाऱ्या बायका तिच्या समोर हवापाण्याचं बोलायच्या आणि ती टोपल्या घेऊन माडीवर गेली की एकदम गप्प व्हायच्या. त्या चपट्या उशीवर कुणी बसत नव्हतं.

गावातली म्हातारी मंडळी संध्याकाळी मिरानकडे रक्तदाब मोजायला यायची, ही वर्षानुवर्षांची रीत. ओसरीवर बसायचं, बाही वर करायची, चार गप्पा हाणायच्या. त्या आठवड्यात कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी ग्युबोक आजोबा दारूच्या तारेत येऊन बसले. मिराननं यंत्र आणलं. आजोबांनी बाही कोपरापर्यंत वर केली, तिच्याकडं बघितलं, आणि हळूच परत खाली ओढली.

"आज न्हाई, पोरी. आज प्यालोय. खोटं येईल ते."

प्यायलेले तर ते रोजच असत. मिराननं यंत्र डब्यात घातलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला.

सासू खायची थांबली होती. ताटात भात घेऊन बसायची, चार शितं चिवडायची, उठायची. दर हंगामाला पहिलं पिकलेलं फळ तिचं असे, पण आता मऊ पडलेली फळं ती टोपलीत भरून ओढ्यात ओतून यायची. सकाळी पितरांच्या पाटापुढं पाणी ठेवायची, तेही बंद केलं. मिरान ताट उचलायची, भात डब्यात घालायची, आणि रोज ठरवायची की आज सांगायचं. रोज एखादं फळ माडीवर पचकन पडायचं आणि ते राहून जायचं. खरं सांगायचं तर फळाचा दोष नव्हता. तिला भीती वाटत होती. त्या कोऱ्या कागदाची वाटत होती त्याहून जास्त भीती तिला या वाकलेल्या बाईची वाटत होती.

नवव्या दिवशी सकाळी सरपंचांनी गावाच्या कर्ण्यावरून सांगितलं की सोलजेकरीण आज्जी गेल्या, अंत्यविधी शहरात होणार आहे, ज्यांना जायचं त्यांनी सभागृहापाशी जमावं. कर्ण्यातही त्यांनी तेच नाव घेतलं. दुसऱ्या कुठल्या नावानं गावाला कळलंच नसतं.

मिरान शेडमध्ये आली तर सासू नव्हती. सुरी चटईवर होती, अर्धं सोललेलं फळ तिथंच काळं पडत होतं. परसात नव्हती, माडीवर नव्हती. धुक्यातून करवतीचा आवाज आला तेव्हा मिरान पळाली.

बांधावरच्या झाडाशी म्हातारी गुडघ्यावर बसली होती. फांद्या छाटायची करवत दोन्ही हातांत धरून ती खोड कापत होती. खोड तिच्या कवेत मावणार नाही एवढं होतं. करवत दोन बोटंही आत गेली नव्हती. प्रत्येक ओढीला वरून एखादं पिकलं फळ पडायचं, आणि तिच्या पाठीवर, डोक्याच्या रुमालावर केशरी चिखल झाला होता.

"आई, सोडा ते."

"तिच्या झाडानं तिला मारली. माझ्या हातानं मारली. कशाला ठिवायचं मग?"

मिराननं करवतीचं पातं धरलं. म्हातारीनं ओढलं, आणि मिरानचा तळवा कापला. तिनं तरीही सोडलं नाही.

"फळानं नाही झालं, आई. माझ्यामुळं झालं. मी मारलं तिला."

म्हातारीचे हात थांबले.

मग मिराननं सगळं सांगितलं. ओल्या गवतात बसून, जसं घडलं तसं. नारे काय म्हणाली, आपण काय विचारलं आणि काय विचारलं नाही. पडदा सारून कशी हाक मारली. सोलजेकरीण काय म्हणाली होती. दुसऱ्या खोलीत दुसरी सोलजेकरीण होती आणि सुई तिची होती. तळव्यातून रक्त मनगटाकडं उतरत होतं. दोघींनीही त्याकडं बघितलं नाही.

"कधीपासून ठावं हाय तुला?"

"त्याच सकाळपासून."

"नऊ दिस?"

"नऊ दिवस."

"नऊ दिस पितरांपुढं उभी ऱ्हायले न्हाई मी," म्हातारी हळू बोलत होती. "मेल्यावर तिला तोंड कसं दावायचं म्हणून झोपले न्हाई. आन तू माझ्या ताटात भात वाढत हुतीस."

मिराननं मान खाली घातली. सासूनं मारलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हातारी तशीच बसून राहिली. धुक्यातून गावकऱ्यांना न्यायला आलेल्या गाडीचा भोंगा वाजला.

"काय म्हणून हाक मारलीस तिला?"

"सोलजेकरीण मावशी."

"मंग तिनं ओ दिली त्यात तिचं काय चुकलं? ती सोलजेकरीणच हाय की."

"तिचं काही चुकलं नाही, आई."

"पट्टीवर काय हुतं?"

"मो गाप्सुन."

"गाप्सुन," सासूनं म्हणून बघितलं. नव्या दातांनी काही चावून बघावं तसं. "साठ वर्षं झाली. भांडले, रडले, एका ताटात जेवले. न्हाई विचारलं मी कधी. तिनंबी मला न्हाई विचारलं."

ती झाडाला धरून उठली. मिराननं आधाराला हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. करवत तिथंच टाकून, रुमालावरचा चिखल न पुसता, ती कमरेत वाकलेली तशीच गाडीच्या दिशेनं गेली. मिरानला गाडीत बसायला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्या दुपारी तिनं कागद लिहिला. सांगदो समोर बसला होता. तळव्याला पट्टी बांधलेली, म्हणून अक्षर वाकडं आलं. तिनं लिहिलं की मला रुग्णाबद्दल तोंडी सांगण्यात आलं. मी कागद वाचला नाही. नाव विचारलं नाही. मनगटावरची पट्टी वाचली नाही. रुग्णाला मी पूर्वीपासून ओळखत होते. हे शेवटचं वाक्य तिनं खोडलं आणि मग परत लिहिलं.

दवाखान्यात यॉमनं कागद उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचला.

"विचार करून लिहिलंय ना?"

"हो."

"मला पाठवावं लागेल हे."

"पाठवा."

कपाटातून तिनं सपाता, कप आणि केसांच्या दोन पिना घेतल्या. सिस्टरांच्या टेबलामागच्या फळीवर सगळ्यांच्या नावांच्या पट्ट्या होत्या. थाक मिरान ही तिची पट्टी मुख्य सिस्टरनं तिच्या देखतच नखानं उचकटली. डिंक जुना होता, अर्धीच निघाली. 'मिरान' निघालं आणि 'थाक' हे आडनाव तिथंच राहिलं. मुख्य सिस्टर कानकोंडी झाली. "ओलं फडकं आणते," म्हणून गेली.

नारे जिन्यात उभी होती. डोळे सुजलेले.

"ताई, त्या कागदात माझं नाव..."

"नाही घातलं."

"मी सांगायला हवं होतं ना. पाच नंबर म्हणायला हवं होतं. नुसतं तिचं नाव घेतलं असतं तरी..."

"तू कुणाचंच नाव घेतलं नाहीस," मिरान म्हणाली. "मीच शिकवलं होतं तुला तसं." तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, धीराचं किंवा रागाचं, पण सपाता काखेतून निसटायला लागल्या आणि त्या सावरण्यात ते राहून गेलं.

शहरातून परतलेला सोलजेकरणीचा मुलगा आईचं घर बंद करायला आला तेव्हा मिरान त्याच्या अंगणात जाऊन गुडघे टेकून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले. त्यानं तिला उठ म्हटलं नाही. बराच वेळ तो भांडी पोत्यात भरत राहिला.

"फळानं गेली असं वाटत होतं तेच बरं होतं," तो शेवटी म्हणाला. "निदान आवडीचं खाऊन गेली म्हणायला."



डिसेंबर उजाडला आणि थंडी आली, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी हातपाय पसरून. टांगलेल्यापैकी निम्मी फळं सडून गेली होती. उरलेल्यांनी साखर धरली. सासू परत सोलायला, मग चोळायला, मग खोकी भरायला बसू लागली. मिरानशी ती कामापुरतं बोलायची. दोरी दे. सुरी कुठं हाय. एक दिवस तिनं खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा मिरानपुढं टाकला.

"लिही तिचं नाव. मोठं."

गावच्या म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गात बामगोलकरीण गेल्या हिवाळ्यापासून अक्षरं गिरवत होती. मिराननं मोठं लिहून दिलं. त्या संध्याकाळी म्हातारी पुठ्ठा मांडीवर घेऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसली, आणि मग तो त्या चपट्या उशीवर ठेवून दिला. तिथंच तो राहिला.

जानेवारीत यॉमचा फोन आला. मंडळाचा निकाल झाला होता, परवाना रद्द. पत्र येईल, सही करून घ्यावं लागेल, आणि मूळ परवाना परत पाठवायचा आहे. मिराननं परवाना पेटीतून काढून ठेवला. फोटोतली मुलगी एकवीस वर्षांची होती. सांगदो त्या दिवशी माडीवरून खाली आलाच नाही.

तीन दिवसांनी पोस्टमनची लाल फटफटी अंगणात आली. पोस्टमन नवा होता, गावातल्या कुणाला अजून ओळखत नव्हता.

"थाक मिरान इथंच राहतात का?"

शेडमध्ये दोघीच होत्या. मिरानच्या हातांना फळांची पांढरी साखर लागलेली. ती अंगरख्याला हात पुसत बाहेर आली.

"सही लागेल," पोस्टमननं लेखणी पुढं केली. "इथं करा."

"थांबा."

तिनं लेखणी घेतली नाही, आधी पाकीट घेतलं. हिवाळी उन्हात धरलं. एकेका अक्षराखाली बोट ठेवत नाव वाचलं. खालची जन्मतारीख वाचली. बापानं दीड वर्ष उशिरा नोंदवलेली, कागदापुरतीच खरी असलेली तारीख. ती जुळत होती. मग घराचा क्रमांक वाचला. पोस्टमन एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. त्याला अजून चार गावं करायची होती.

"तुम्हीच ना त्या?" तो म्हणाला.

शेडमध्ये खोकी भरणारे हात थांबलेले तिला पाठमोरीही कळले.

"हां, मीच," मिरान म्हणाली. "दुसरी कोण असणार?"

आणि तिनं सही केली.